आठ नंबरची सही

कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारीत नसे. सदऱ्यांचा कारखाना तो. कापड कापणारे निराळे, बाह्या जोडणाऱ्या निराळ्या, काजे करणाऱ्या निराळ्या. आणि या साऱ्या हातांतून फिरत फिरत सदरा जिथे येऊन थांबे, ते शेवटचे टेबल तिचे. खिडकीखाली, उजेडाच्या अगदी समोर. सदरा आला की ती प्रथम तो उलटा करी. सरळ बाजू पाहुण्यांसाठी असते. खरे काय ते आतल्या शिवणीला विचारावे लागते. बगलेतली शिवण ती ओढून पाही, कॉलरची दोन टोके एकमेकांना भेटवी, काजात करंगळी घाली, लोंबता दोरा दिसला तर कात्रीच्या टोकाने उडवी, आणि मगच खिशात एक पांढरी चिठ्ठी सरकवी. चिठ्ठीवर छापलेले असे: ‘तपासले’. खाली ती स्वतःच्या हाताने आकडा घाली, आठ. म्हणून ती आठ नंबर. दोष सापडला तर लाल चिठ्ठी, टाचणीने टोचलेली. लाल चिठ्ठीचा सदरा पुढे जात नसे. ज्या हाताने तो बिघडला, त्याच हाताकडे तो परत जाई.

त्या टेबलावर ती कशी आली, तेही ऐकण्यासारखे आहे. सहावीत असताना आईने अंथरूण धरले, आणि धाकट्या भावंडांसाठी हिची शाळा सुटली ती सुटलीच. पंधराव्या वर्षी ती दोरे कापायला कारखान्यात लागली. तिथून सरकत सरकत तपासणीला आली. आली त्याच महिन्यात तीनशे सदऱ्यांचा एक गठ्ठा असा आला की प्रत्येक सदऱ्याची कॉलर डावीकडे सुताएवढी झुकलेली. सुपरवायझर म्हणाले, एवढ्याशा फरकाने कोणाची मान वाकडी होणार आहे. आज गाडी जायची आहे, चिठ्ठ्या घाल. ती म्हणाली, गाडी जाऊ द्या, चिठ्ठी जाणार नाही. घरी पाठवीन, अशी त्यांनी धमकी दिली. ती उठून डबा घेऊन दारापाशी उभी राहिली. शेवटी गाडी रिकामी गेली आणि ती राहिली. त्या दिवसापासून तिच्या टेबलाशी कोणी हुज्जत घातली नाही. मागून मात्र म्हणत, देवाने दार उघडलं तर ही बिजागरी तपासून मग आत जाईल.

अशा बाईच्या पोटी एक लेक होती, बारा वर्षांची, सातवीतली. आईने जिथे पाटी खाली ठेवली त्याच्या एक पाऊल पुढची. बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती, म्हणून बाप तिला वकीलबाई म्हणे. बाप रंगारी. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवून तो घरी येई तेव्हा त्याच्या भुवयांवर कधी पिवळा, कधी निळा ठिपका असे. चौथे माणूस म्हणजे सासरे. आयुष्यभर एका गोदामावर पहारा केलेले, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे दारातल्या खुर्चीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसे ओळखणारे. तिचे मामंजी. दोन खोल्या, चार माणसे, आणि ओट्यावरच्या खिडकीतून सकाळी दोन तास येणारे ऊन.

त्या उन्हात एका रविवारी लेकीने एक जाडजूड वही आणून ठेवली. पुठ्ठ्यावर लिहिले होते: ‘वाचन-प्रतिसाद वही’. शाळेचा नवा उपक्रम. वर्गाच्या कपाटात पन्नास गोष्टींची पुस्तके होती, प्रत्येकाची एकच प्रत. मुलींनी ती पाळीपाळीने घरी न्यायची, वर्षभरात पन्नासही वाचायची, आणि वहीत दर पुस्तकामागे एक पान भरायचे. पुस्तकाचे नाव, सारांश, बोध. आणि तळाशी छापील ओळ: ‘पुस्तक पूर्ण वाचले आहे’, शेजारी पालकांची सही. वर्षअखेरीला या वहीचे वीस गुण. पन्नासातली एक सही जरी नसली तरी वीसचे शून्य. आणि ते वीस गेले तर पुढच्या वर्षी ‘अ’ तुकडीतून थेट ‘क’ तुकडीत. ‘अ’ तुकडीला प्रयोगशाळा होती, ग्रंथालयाचा तास होता. ‘क’ तुकडीला जिन्याखालची खोली होती.

वही पहिल्या सत्राच्या सुट्टीतच भरून झाली होती. पन्नासच्या पन्नास पाने, सुवाच्य अक्षर, समास आखलेला.

आईने हात पुसले, वही उघडली, चार पाने उलटली आणि विचारले, एवढी पुस्तके आपल्या घरात कधी आली. लेक म्हणाली, तशी नाही वाचत कोणी. चौकातल्या वह्यांच्या दुकानात गाइड मिळते, त्यात पन्नासांचे सारांश तयार असतात, बोधासकट. सगळ्या मुली त्यातूनच उतरवतात. बाईंनाही ठाऊक असावे.

“तू फक्त सही कर ना, आई. पन्नास वेळा. पटकन होईल.”

“वाचलेलं आहे अशी मी सही करू, आणि वाचलं कोणी?”

बापाने चहाचा कप खाली ठेवला. “आण इकडे वकीलबाई, मी करतो. रंगाऱ्याला काय, एक हात मारला की झालं.”

“अहो, तुम्ही भिंतीला एकच हात मारून पैसे घेता का?”

त्याने कप पुन्हा उचलला. “दोन मारतो,” म्हणाला.

“मग बसा.”

मामंजी खुर्चीतून हसले. लेक मात्र चिडली. आई, हा काही तुझा सदरा नाही, असे ती म्हणाली. आणि आईने तितक्याच शांतपणे सांगितले की सदरा नसेल, पण सही तर माझीच आहे ना. एकेक पुस्तक घरी आण. तू वाच, मीही वाचते. मग त्या पानावर सही. लेकीने मनाशी हिशेब केला आणि तिला रडू कोसळले. कारण आई बोट ओळीखाली ठेवून वाचते, एका पानाला तिला किती वेळ लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

अशी ती वाचनाला बसली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ठाणांवर बसून ती दहा पाने उरकी. संध्याकाळी भाजी निवडता निवडता लेकीला मोठ्याने वाचायला लावी, म्हणजे मामंजींनाही ऐकू जाई. पहिली दोन पुस्तके लेकीने रागारागात वाचली, गिरणीत दाणे टाकावेत तशी. पुस्तक संपले की आई सारांश विचारीत नसे. तिला सारांश म्हणजे काय हे नीटसे माहीतही नव्हते. ती आपली रीत जाणत होती. ती म्हणे, “आता हे उलटं कर. आतून बघ. कुठे ओढलं गेलंय? कुठे सैल पडलंय? कुठला टाका पक्का बसलाय?”

आता ही काय परीक्षा, असे लेकीला वाटले. पण विचारणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तर द्यायला पुस्तक पुन्हा उघडावे लागते. तिसऱ्या पुस्तकात एक राजा होता, सगळे दान करून टाकणारा. गाइडातला बोध वहीत आधीच उतरलेला होता: दानशूर व्हावे. लेक बराच वेळ पेन चावत बसली आणि शेजारच्या, चित्रासाठी सोडलेल्या कोऱ्या पानावर तिने लिहिले: “राजाने जे दिले ते त्याचे नव्हतेच. राणी आख्ख्या पुस्तकात एकदाच बोलते, पण तिचेच बरोबर आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला ते कळले नसावे.” पाचव्या पुस्तकाबद्दल लिहिले: “चौथ्या प्रकरणात कारण नसताना पाहुणे येतात आणि तीस पाने जात नाहीत. आमच्याकडेही असे पाहुणे आले होते. ती पाने मला खरी वाटली, पण कंटाळा आला.”

बापाने ते वाचून कपाळावर हात मारला. ते पाहुणे त्याच्या बहिणीकडचे होते.

पण काय सांगावे त्या पानांचे तेज! डाव्या हाताला गाइडाची ओळ, गुळगुळीत, इस्त्री केलेली, कोणाच्याही अंगाला न बसणारी. उजव्या हाताला लेकीचे अक्षर. कधी घाईचे, कधी खोडलेले, पण जिवंत. देवाने माणसाला जीभ दिली आणि अक्षर दिले ते दुसऱ्याचे उष्टे गिळून तेच परत वाढायला नव्हे, हे त्या बाईला कोणी शिकवले नव्हते. तिच्या बोटांना ते ठाऊक होते. सहावीत सुटलेली शाळा ती दुपारच्या अर्ध्या तासात, डब्याच्या झाकणावर पुस्तक टेकवून, पुन्हा भरवीत होती. शेजारणी विचारीत, काय गं आठ नंबर, परीक्षेला बसतेस की काय. ती म्हणे, बसवलंय.

मध्ये एकदा वही तपासायला गेली आणि उजव्या पानांवर लाल शाईचा शेरा घेऊन परत आली: “स्वतःची मते नकोत. सारांश पुरेसा आहे.” लेकीने तो शेरा आईला वाचून दाखवला. आईने विचारले की तुझं मत खोडलंय का त्यांनी. नाही, फक्त शेरा आहे. मग लिहीत राहा, आई म्हणाली.

वर्ष सरत आले तेव्हा अकरा पानांवर सह्या होत्या. अकराच. वर्गातल्या बाकी एकसष्ट मुलींच्या वह्या कधीच पूर्ण होऊन बाईंच्या टेबलावर पोहोचल्या होत्या. आणि मग बारावे पुस्तक घरी आले.

ते एका नावाड्याचे होते. नदीला पूर चढतो आहे, अलीकडचा गाव रिकामा करायचा आहे. अधिकाऱ्याने चाळीस जणांना चिठ्ठ्या दिल्या आहेत. ज्याच्या हाती चिठ्ठी तोच नावेत. घाटाच्या पायरीवर एक बाई बोचके घेऊन उभी आहे, तिला चिठ्ठी मिळालेली नाही. ती रडत नाही, विनवीत नाही; नुसती उभी राहते. हे पुस्तक मामंजींनी असे ऐकले की भाजी निवडून झाली तरी ते लेकीला उठू देईनात. आयुष्यभर फाटकावर उभे राहून कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही याची चिठ्ठी पाहिलेला माणूस तो. शनिवारी संध्याकाळी लेकीने वाचले: “नावाड्याने एकवार घाटाकडे पाहिले, खुंटीची दोरी सोडली आणि”

आणि पान संपले. तिने पान उलटले. पुढे पुठ्ठा होता.

“मग पुढे?” मामंजी म्हणाले.

“पुढे नाहीये, आजोबा.”

आईने पुस्तक हातात घेतले. शेवटच्या पानाचा आकडा शहाण्णव. आरंभीच्या पानावर बारीक अक्षरात छापले होते: पृष्ठे एकशे बारा. तिने पुठ्ठ्याच्या सांध्यात नख घातले, आणि ओळखीचे काहीतरी नखाला लागले. तुटका दोरा. शिवण उसवून सोळा पानांची शेवटची घडी कधीतरी निसटून गेली होती. दोऱ्याच्या टोकावर धूळ बसून ते काळे पडले होते. म्हणजे आजचे नव्हे, हे दोन-चार वर्षांचे दुखणे होते.

मग तिने वही उघडली. बाराव्या पानावर लेकीच्याच सुवाच्य अक्षरात होते: “शेवटी नावाडी सर्वांना सुखरूप पैलतीरी नेतो. बोध: परोपकार हाच खरा धर्म.”

लेकीचे कान लाल झाले. तिने त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाली, “सगळ्यांच्या वहीत हेच आहे. एकसष्ट जणींच्या. सगळ्यांच्या घरच्यांनी सह्या केल्यात.”

“त्या बाईचं काय झालं पण?” मामंजींनी पुन्हा विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते. एकसष्ट घरांनी शेवट लिहून दिला होता आणि शेवट कोणी पाहिला नव्हता.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून ती शाळेत गेली, हातात पुस्तक आणि वही. वर्गशिक्षिका तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि त्यांच्या टेबलावर वह्यांचा असा ढीग होता की त्या ढिगाआडून त्यांचे नुसते डोळे दिसत. त्यांनी आधी वहीच पाहिली आणि म्हणाल्या की ताई, एकोणचाळीस सह्या राहिल्यात. इथेच बसून करा, मी पेन देते. तिने पुस्तक पुढे केले.

“बाई, यात शेवटी काय होतं?”

“नावाडी सगळ्यांना पैलतीरी नेतो.”

“कुठल्या पानावर?”

बाईंनी पुस्तक उघडले. शहाण्णवावर आल्या, पुठ्ठ्यावर आल्या, पुन्हा शहाण्णवावर गेल्या. त्यांनी वर पाहिले नाही. पुस्तक मिटीत म्हणाल्या की हे मोठ्या बाईंच्या कानावर घालावे लागेल.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत काचेची कपाटे होती, कपाटांत ढाली होत्या. त्या कठोर नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले, आणि समजुतीच्या सुरात सांगितले की नियम सर्वांना सारखा आहे. मुलगी हुशार आहे, एका चिंध्या झालेल्या पुस्तकासाठी तिचे वर्ष पणाला लावण्यात शहाणपण नाही. पुस्तक बदलून घेऊ, तुम्ही सह्या करा.

ती खुर्चीत बसली नव्हती. उभ्यानेच म्हणाली, “बाई, पुस्तक फाटलं याचं मला काही नाही. वापरलं की फाटतंच. ते फाटलंय हे एकसष्ट घरांत कोणाला कळलं नाही, याचं वाटतं.”

“तुमच्या वाटण्याची शिक्षा मुलीला होईल.”

“होईल. मला ते कळतंय.”

“मग?”

“मग मी न पाहिलेल्यावर माझं नाव घालणार नाही. कारखान्यात नाही घातलं, तर लेकीच्या वहीत कशी घालू?”

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले. उद्या सकाळी दहापर्यंत वही पूर्ण होऊन आली तर ठीक, नाहीतर शून्य. असे बोलून त्यांनी फाइल पुढे ओढली.

खोटे कशाला सांगावे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निश्चय डळमळला. शाळेत ताठ उभी राहिलेली बाई घरी ओट्यापाशी वाकली होती. जिन्याखालची ती खोली तिला दिसत होती. आपल्या आईच्या दुखण्यापायी आपली शाळा गेली; आता आपल्या ताठ्यापायी लेकीची जायची का? ताठा की सचोटी, हे सांगणार कोण? तिने वही उघडली, बारावे पान काढले, पेनाचे टोपण काढले. समोर उन्हाचा पट्टा होता. पेन कागदाला टेकले आणि शाईचा एक ठिपका उमटला.

इतक्यात लेक आली. एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. तिने आपला तळवा पानावर ठेवला.

“नको आई.”

“तुला ‘अ’ तुकडी हवी ना?”

“हवी. पण मलाही माहीत नाही पुढे काय झालं. आणि मी लिहून ठेवलंय.” ती खाली बसली. “दे इकडे पेन.”

धन्य ती लेक, आणि धन्य ते अर्धवट विंचरलेले केस! तिने गाइडाच्या ओळींवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले: “हे पुस्तक मी शहाण्णव पानांपर्यंत वाचले आहे. पुढची सोळा पाने या प्रतीत नाहीत. वर लिहिलेला शेवट मी वाचलेला नाही, उतरवून घेतला होता. त्या बाईचे काय झाले ते मला माहीत नाही. मला ते जाणून घ्यायचे आहे.” मग छापील ओळीतला ‘पूर्ण’ हा शब्द खोडून तिथे ‘शहाण्णव पाने’ घातले. मग एकेक करीत उरलेली अडतीस पाने उलटली, आणि प्रत्येकावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून मोठ्या अक्षरात लिहिले: वाचलेले नाही. अडतीस वेळा. तिचा हात एकदाही थांबला नाही.

आईने बारावे पान पुन्हा एकदा वाचले, बोट ओळीखाली ठेवून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्यातला प्रत्येक टाका पक्का होता. तिने सही केली, आणि सवयीने खाली आकडा पडला, आठ.

बाप दारात उभा होता, शिडी खांद्यावर घेऊन. वही शाळेत तोच पोहोचवून आला.

शून्य आले. लेक ‘क’ तुकडीत गेली.

निकालानंतर शाळेत पालकांसाठी वह्यांचे प्रदर्शन मांडले होते. लांबच लांब टेबले, टेबलांवर एकसष्ट वह्या, रंगीत पुठ्ठे, आणि मागे ओळीने ती पन्नास पुस्तके. आदल्या दिवशी तिने सुपरवायझरांकडे एक लाल चिठ्ठी मागितली होती. त्यांनी विचारले, आता कोणाचा माल अडवतेस बाई. आणि हसून एकाऐवजी दोन दिल्या. प्रदर्शनात ती लेकीचा हात धरून सावकाश फिरली. नावाड्याच्या पुस्तकापाशी थांबली, ते उचलले, पुठ्ठा उघडला, आणि शहाण्णवाव्या पानाला ती चिठ्ठी टाचणीने टोचली. चिठ्ठीवर लिहिले होते: “दोष: शेवटची सोळा पाने नाहीत. तपासले, आठ.” पुस्तक तिने जागेवर परत ठेवले नाही, त्या एकसष्ट वह्यांच्या मधोमध, उघडे ठेवले.

आजूबाजूच्या आया-बापांनी पाहिले. कोणी वाचले, कोणी मान वळवली, एका बाईने आपल्या मुलीची वही उचलून बारावे पान शोधले आणि बराच वेळ त्यात पाहत राहिली. मोठ्या बाई दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी लांबूनच लाल कागद पाहिला. एक शिपाई लगबगीने निघाला. त्याच्याआधी वर्गशिक्षिका तिथे पोहोचल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुस्तक मिटले, आणि चिठ्ठी न काढता ते आपल्या पिशवीत घातले.

पुढच्या वर्षीची शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जिन्याखालच्या खोलीत पहिल्या बाकावर बसणाऱ्या वकीलबाईला गेल्या वर्षीच्या त्या वर्गशिक्षिकांनी बोलावून एक पुडके दिले. घरी आणून सोडले तर तेच पुस्तक. आईने रिवाजाप्रमाणे आधी सांधा पाहिला. शहाण्णवानंतर सोळा नवी पाने शिवलेली होती, शाईने, हाताने लिहिलेली. कुठूनतरी धड प्रत मिळवून बाईंनी ती स्वतः उतरवली होती. टाके वेडेवाकडे होते. तिने ओढून पाहिले, घट्ट होते. लाल चिठ्ठी तिथेच होती, आणि तिच्या मागे लाल शाईत एवढेच लिहिलेले: “मीही वाचले नव्हते. आता वाचले.”

मामंजींनी खुर्ची आत ओढून घेतली. बाप भुवयांवरचा रंग न धुताच खाली बसला. लेकीने पान काढले.

“नावाड्याने एकवार घाटाकडे पाहिले, खुंटीची दोरी सोडली आणि वल्ही त्या बाईच्या हाती दिली. माझ्या जागेला चिठ्ठी लागत नाही, तो म्हणाला, तू बस. मग तो पायरीवर बसला आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिला.”

पुढची पाने नावेतली होती. ती बाई पहिल्यांदा वल्ही कशी धरते, नाव कशी भोवऱ्यात फिरते, आणि चाळीस चिठ्ठ्यांची माणसे कशी तिच्या हातांकडे बघत बसतात. मामंजी कान पुढे करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “गाइडवाल्यानंही वाचलं नव्हतं म्हणजे.”

त्या रविवारी लेकीने एक नवी वही आखली. शाळेची नव्हे, स्वतःची. तीत बोधाचा रकाना नव्हता. पहिल्याच पानावर नावाड्याचे पुस्तक होते, पुढच्या पानावरही तेच, आणि तिसऱ्यावरही. सोळा पानांनी तिला इतके बोलायला लावले होते. लिहून झाल्यावर तिने वही ओट्यावर उन्हात ठेवली. आईने हात पुसले, कौतुकाने पुठ्ठा पाहिला, पेन घेतले.

“सही कुठे करू?”

लेकीने पेन तिच्या हातातून काढून घेतले.

“आधी वाच,” ती म्हणाली.